आधी नाव सापडू द्या, मग तिकीट काढा

लढाईवर गेलेला माणूस परत आला नाही, ही गोष्ट मराठवाड्यातल्या घरांत फार थोड्या शब्दांत सांगितली जाते. "आजा बसऱ्याला गेला." "थोरला सिंगापूरला राहिला." पुढचं कुणाला ठाऊक नसतं. चुडावा, पूर्णा, बसमत या पट्ट्यातल्या अशा घरांची पोरं आता पुण्या-हैदराबादेत नोकरी करतात, त्यांच्याकडे पासपोर्ट असतो, आणि दिवाळीत भावकी जमली की कुणीतरी विचारतं: त्याची कबर असेल का कुठं? जाऊन येता येईल का?

बहुतेक वेळा येतं. पण अशा घरांत पहिली चौकशी होते ती विमानभाड्याची, आणि तिथंच गाडी चुकते. कारण लढाईत गेलेल्या मराठी माणसाची कबर असेलच असं नाही. कबर असेल, दहन झालं म्हणून फक्त नाव असेल, मृतदेह सापडलाच नाही म्हणून भिंतीवर नाव असेल, किंवा भिंतीवर नावसुद्धा नसेल, नुसता पलटणीचा आकडा असेल. या चारांतलं आपल्या वाट्याला काय आलंय ते कळलं की कुठल्या देशात जायचं, सोबत काय न्यायचं, तिथं काय करायचं, आणि मुळात जायचं का, हे सगळं ठरतं. म्हणून आधी नाव.

दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूनं मेलेल्यांची नोंद ठेवण्याचं आणि त्यांच्या दफनभूमी सांभाळण्याचं काम कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन करतं. १९१७ साली ही संस्था स्थापन झाली. आज दीडशेहून अधिक देशांत मिळून सुमारे १७ लाख मृतांच्या नोंदी तिच्याकडे आहेत आणि त्या तिच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतात. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या दोन कालखंडांत सैन्यात असताना झालेले मृत्यू तिच्या कक्षेत येतात. म्हणजे लढाई थांबल्यावर, १९१९ किंवा १९२० साली तापानं दवाखान्यात गेलेला शिपाईसुद्धा यादीत असू शकतो. "गोळी लागून नाही गेला, म्हणून नाव नसणार" असं धरून बसू नका.

शोध मात्र सरळ नाही, कारण नावं लिहिली ती इंग्रज किंवा परप्रांतीय कारकुनांनी, कानाला ऐकू आली तशी. जाधवचा जाधाओ, शिंदेचा सिंधे, भोसलेचा भोन्सले होणं नेहमीचंच. शिवाय आपल्याकडचं नाव-वडिलांचं नाव-आडनाव हे गणित त्यांच्या रकान्यांत बसलं नाही. बऱ्याच भारतीय नोंदींत अख्खं नाव आडनावाच्या जागी टाकलेलं आढळतं. म्हणून एकदा आडनावानं, एकदा नुसत्या पहिल्या नावानं, आणि सैन्य "इंडियन आर्मी" निवडून शोधा. तरी नाही सापडलं तर "अधिक माहिती" या रकान्यात गावाकडून शिरा. भारतीय सैनिकांच्या अनेक नोंदींत बापाचं नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा परभणीबरोबर "हैदराबाद स्टेट" टाकून पाहा. नांदेडचं जुनं इंग्रजी रूप शेवटी "र" लावून लिहीत, तेही वापरा. हिंगोलीकरांनी लक्षात ठेवावं की त्यांचा जिल्हा १९९९ साली परभणीतून वेगळा निघाला. ऐंशी वर्षांपूर्वीच्या कागदावर हिंगोलीचा माणूस परभणी जिल्ह्याचाच असणार. चुडाव्यातला "ड" इंग्रजीत कुणी "र" लिहिला असेल तर नवल नाही.

यापेक्षा पक्का धागा घरातच असू शकतो. जुनी पत्र्याची पेटी उघडा. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या वारसांना ब्राँझची एक गोल तबकडी दिली जाई, साधारण बारा सेंटिमीटर व्यासाची. तिच्यावर ब्रिटानिया आणि सिंह आहेत, आणि चौकटीत मृताचं नाव, हुद्दा न लिहिता, उठावाच्या अक्षरांत. कित्येक घरांत अशी वस्तू देवघरात किंवा धान्याच्या कणगीवर झाकण म्हणूनही पडून असेल. पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली धरा. पहिल्या महायुद्धातल्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते. अर्थात त्यातलं एक पदक चांदीचं होतं, त्यामुळे दुष्काळात ते सोनाराकडे गेलं असण्याची शक्यता धरूनच पेटी उघडा. सैनिकी क्रमांक हाती लागला तर अर्धं काम झालं, कारण एका पलटणीत चार रामा जाधव असतील, पण तो नंबर एकाचाच.

कागद उर्दूत असेल तर रद्दीत टाकू नका. निजामी राजवटीत दफ्तराची भाषा उर्दू होती आणि पेन्शनीचे, इनामाचे कागद त्याच भाषेत आहेत. गावात किंवा पूर्णेत उर्दू वाचणारा माणूस सहज मिळतो. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, पण संस्थानाचं दफ्तर हैदराबादलाच राहिलं. तारनाक्याच्या तेलंगणा राज्य अभिलेखागारात ते आहे. संस्थानाच्या फौजेत असलेल्या माणसाचा माग तिथं काढावा लागतो. इंग्रजी पलटणीत गेलेल्यांसाठी पत्ते वेगळे: मराठा लाइट इन्फन्ट्रीसाठी बेळगाव, बॉम्बे सॅपर्ससाठी खडकी, महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातलं सागर. जुनी एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट १९४५ साली कुमाऊँ रेजिमेंट झाली, म्हणून तिची चौकशी रानीखेतला. परभणीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पत्र पाठवलं तर नुसत्या नातेवाइकाच्या पत्रापेक्षा त्याला वजन येतं. उत्तर "नोंद उपलब्ध नाही" असं येऊ शकतं. त्यानं निराश होऊ नका, मृतांची यादी आणि सेवेची नोंद ही दोन वेगळी दफ्तरं आहेत.

आता त्या चार शक्यतांकडे येऊ.

कबर असेल तर सगळ्यात सोपं. नोंदीत दफनभूमीचं नाव आणि पुढे काही आकडे-अक्षरं असतात: पहिला आकडा, कधी रोमन, तो विभागाचा; मधलं अक्षर रांगेचं; शेवटचा आकडा कबरीचा. मराठवाड्यातल्या मुसलमान घरांना ही शक्यता जास्त, कारण दखनी मुसलमान स्वार निजामाच्या लान्सर्समध्ये होते, तसेच हैदराबाद कंटिंजंटमधून निघालेल्या डेक्कन हॉर्समध्येही. त्यांना दफन केलं गेलं आणि मोठ्या दफनभूमीत त्यांच्या कबरी वेगळ्या भागात असतात. ख्रिस्ती आणि बेने इस्राएल मराठी शिपायांचंही तसंच. हिंदू शिपायाचीही कबर असू शकते, कारण धामधुमीत दहनाला सरपण आणि वेळ दोन्ही मिळत नसे. अशा दगडावर माथ्याशी देवनागरीत "ॐ भगवते नमः" कोरलेलं असतं, खाली इंग्रजीत नंबर, हुद्दा, नाव, पलटण, तारीख. इटलीत किंवा आफ्रिकेत शेकडो इंग्रजी दगडांमधून चालताना अचानक आपली लिपी समोर येते, तेव्हा फोटो काढायचं भान राहत नाही. म्हणून सोबतच्या एकाला आधीच सांगून ठेवा की फोटो तुझ्याकडे.

दहन झालं असेल तर नाव "क्रिमेशन मेमोरियल"वर असतं. इटलीतल्या फोर्ली इथं भारतीय सैन्याची दफनभूमी आहे आणि तिथल्या दहनस्मारकावर सातशेहून अधिक नावं आहेत. सांग्रो नदीकाठच्या स्मारकावर पाचशेच्या वर. एरिट्रियातल्या केरेनला, जिथं १९४१ च्या मार्चमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन डोंगर चढत लढली, तिथंही वेगळं दहनस्मारक आहे. इथं रांगा आणि कबरी शोधत फिरायचं नसतं, एकाच शिळेपाशी किंवा भिंतीपाशी जायचं असतं. वयस्कर माणसं सोबत असतील तर हे आधी सांगा. "समाधी कुठंय?" हा प्रश्न तिथं उन्हात उभं राहून ऐकावा लागू नये.

तिसरी शक्यता भिंतीवरच्या नावाची, आणि ती फार मोठ्या संख्येची आहे. सगळ्यात ओळखीचं उदाहरण नाईक यशवंत घाडगे यांचं. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा बावीस वर्षांचा जवान १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या खोऱ्यात एकट्यानं मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेला आणि तिथंच पडला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावात पुतळा उभा राहिला, पण कबर नाही. नाव आहे ते लढाईच्या जागेपासून दूर, रोमच्या दक्षिणेला कॅसिनोच्या स्मारकावर, चार हजारांवर इतर नावांबरोबर. व्हिक्टोरिया क्रॉसवाल्याची ही गत, तर साध्या शिपायाची कबर नाही म्हणून घरच्यांनी कमीपणा वाटून घेण्याचं काहीच कारण नाही. फ्रान्समध्ये नव शापेलला ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं अशीच गोल भिंतीवर आहेत. १९२७ साली ते स्मारक उघडलं. डेक्कन हॉर्सच्या घराण्यांनी तिथली यादी जरूर तपासावी.

चौथी शक्यता कडू आहे आणि ती नेमकी "बसऱ्याला गेला" म्हणणाऱ्या घरांची आहे. पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी इराकात कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडलं आणि कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत किती गेले याची धड नोंद राहिली नाही. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची आठवण आहे. पण तिथं ब्रिटिशांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, आणि साध्या भारतीय शिपायांचा पलटणवार फक्त आकडा. त्यांची नावं पुस्तकात गेली. इराकातल्याच अमारा इथल्या, नदीच्या डाव्या तीरावरच्या भारतीय दफनभूमीत सुमारे पाच हजार जवान आहेत आणि त्यांतल्या जेमतेम नऊ जणांची ओळख पटलेली आहे. ही विषमता कमिशननं स्वतःच्या २०२१ च्या अहवालात मान्य केली आणि ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना.

त्यात बसऱ्याचं हे स्मारक १९९७ साली सद्दामच्या हुकमानं मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर, शहराबाहेर सुमारे ३२ किलोमीटरवर नेलं गेलं. माझं स्पष्ट मत असं की चुडाव्याच्या घरानं पैसे साठवून बसऱ्याला जाऊ नये. प्रवासाची जोखीम वेगळीच, पण एवढं करून भिंतीवर नाव दिसणार नाही. त्यापेक्षा कमिशनच्या वेबसाइटवरून नोंद आणि प्रमाणपत्र छापून घ्या. आणि निजामाच्या लान्सर्समधला माणूस इजिप्त-पॅलेस्टाईनच्या आघाडीवर गेला असेल तर दिल्लीला जाऊन या. तीन मूर्ती चौकातले ते तीन घोडदळी शिपाई हैदराबाद, जोधपूर आणि म्हैसूर या तीन संस्थानांच्या लान्सर्सचेच आहेत. मराठवाड्यातली किती माणसं दिल्ली बघताना त्या चौकातून जातात आणि त्यातला एक आपल्या राज्यातला, हे कुणी सांगत नाही.

जाण्याजोगं आणि आपल्या माणसांना झेपण्याजोगं ठिकाण म्हणजे सिंगापूर. १९४१ च्या डिसेंबरात जपानी फौज मलायात कोटा भारूला उतरली तेव्हा तिथल्या विमानतळाच्या राखणीवर हैदराबाद संस्थानाची पलटण होती. एकोणिसाव्या हैदराबाद रेजिमेंटची चौथी बटालियन जानेवारीत स्लिम नदीवर होती. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. त्या धुमश्चक्रीत गेलेल्यांची आठवण क्रांजी इथं आहे.

क्रांजीची खासियत ही की वरच्या चारांपैकी तीन प्रकार एकाच टेकडीवर आहेत. उतारावर पांढऱ्या दगडांच्या रांगा, म्हणजे कबरी, साडेचार हजारांच्या आसपास आणि त्यांतल्या साडेआठशेंवर बेनाम. माथ्यावर सिंगापूर मेमोरियल, विमानाच्या पंखासारखं छत आणि मधून वर गेलेला मनोरा. त्याच्या भिंतींवर चोवीस हजारांहून अधिक नावं. आणि त्याच्या लगेच मागे दहनस्मारक, जिथं जवळपास आठशे नावं, बहुतेक भारतीय. नोंदीत "कॉलम" आणि आकडा असेल तर माथ्यावरच्या भिंतीकडे जायचं, कॉलम म्हणजे भिंतीवरचा नावांचा रकाना. "क्रिमेशन मेमोरियल" लिहिलं असेल तर मागच्या बाजूला. हे कागदावर मराठीत लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवा. लोक चढण चढून नावाच्या भिंतीशी तास घालवतात आणि नाव मागे असतं.

चुडाव्याच्या माणसाला प्रवास असा: आपल्या किंवा नांदेडच्या स्टेशनवरून रेल्वेनं सिकंदराबाद, आणि हैदराबादहून सिंगापूरला थेट विमान. व्हिसा लागतो आणि तो अधिकृत एजंटामार्फत काढतात. पोचण्याच्या तीन दिवसांच्या आत "एसजी अरायव्हल कार्ड" ऑनलाइन भरायचं असतं. ते फुकट आहे, त्याचे पैसे मागणारी संकेतस्थळं खोटी. सिंगापुरात उतरल्यावर क्रांजी नावाचंच मेट्रो स्टेशन आहे, तिथून पायी पंधरा-वीस मिनिटं. म्हातारं माणूस असेल तर टॅक्सी करा, कारण पायवाट थोडी आणि चढ जास्त. ऊन आणि पाऊस दोन्हींसाठी छत्री हवी, नोव्हेंबर ते जानेवारी पाऊस जोराचा. सकाळी लवकर गेलात तर तिरप्या उन्हात कोरीव अक्षरं नीट वाचता येतात. भर दुपारी पांढऱ्या दगडावर काहीच दिसत नाही. नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारी तिथं लष्करी मानवंदना असते. ज्यांना शांतपणे बसायचंय त्यांनी तो दिवस टाळावा.

युरोपला जाणाऱ्यांसाठी शेंगेन व्हिसा, त्याला किमान तीस हजार युरोंचा प्रवास-विमा आणि बोटांचे ठसे. अर्जासोबतच्या पत्रात प्रवासाचं कारण सरळ लिहा आणि कमिशनचं प्रमाणपत्र जोडा. नुसतं "पर्यटन" लिहिण्यापेक्षा अधिकाऱ्याला ते पटतं. कॅसिनोला रोमहून रेल्वे आहे. म्यानमारमध्ये, रंगूनच्या उत्तरेला तौक्क्यान इथं मोठी दफनभूमी आणि सुमारे सत्तावीस हजार नावांचं स्मारक आहे. पण २०२१ च्या लष्करी उठावानंतर तिथली स्थिती नाजूक आहे, तेव्हा परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

आता सामानाचं. इथं भावनेच्या भरात सगळे घोटाळे होतात. गावची माती न्यायची इच्छा प्रत्येकाला होते आणि ती नेता येत नाही. युरोपात आणि बऱ्याच देशांत माती नेण्यावर बंदी आहे, आणि तिथली माती परत आणायची म्हटलं तर भारतातही परवान्याशिवाय चालत नाही. त्याऐवजी गोदावरीचं पाणी घ्या, छोट्या घट्ट बाटलीत, आणि ती हातातल्या बॅगेत न ठेवता चेक-इनच्या सामानात टाका. कापूर ज्वलनशील म्हणून विमानात चालत नाही, काडेपेटीही नाही. सुकं खोबरंसुद्धा नाही, हे पुष्कळांना विमानतळावरच कळतं. युरोपात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे आणि तूप घरीच ठेवा. गंमत अशी की युरोपच्या नियमांत बहुतेक फळांना रोपरोगमुक्तीचा दाखला लागतो, पण नारळाला सूट आहे. तरीही नारळ तिकडच्या दुकानात मिळतो, उगाच ओझं नको. सिंगापुरात तर लिटल इंडियात झेंडूचे आणि मोगऱ्याचे हार सकाळपासून विकायला असतात. हार घ्यायचा आणि मेट्रोत बसायचं.

तिथं काय करावं, याला नियम थोडेच आहेत. दफनभूमी सगळ्या धर्मांची असते आणि कुणी अडवत नाही. फुलं वाहा, उदबत्ती लावा, गोदेचं पाणी दगडाच्या पायथ्याच्या हिरवळीवर सोडा. मात्र दगडाला हळदकुंकू, गुलाल, तेल लावू नका. हे दगड मऊ आणि सच्छिद्र असतात, डाग आत मुरतो आणि मग माळ्याला ते घासत बसावं लागतं. नारळ दगडावर फोडू नका. ठेवा, नमस्कार करा आणि निघताना उचलून घ्या. पणतीची ज्योत लावायची असेल तर माळ्याला विचारून, गवतापासून लांब. हे माळी सहसा स्थानिक असतात आणि फार आस्थेनं काम करतात. त्यांना नावाचा कागद दाखवला तर ते स्वतः येऊन जागा दाखवतात. फातेहा वाचणाऱ्यांनाही कुणी हटकत नाही.

श्राद्धाचं विचाराल तर नोंदीतून मिळणारी तारीख हीच मोठी गोष्ट आहे. इतकी वर्षं ज्याचं श्राद्ध तिथी माहीत नाही म्हणून सर्वपित्री अमावास्येला घातलं, त्याची तिथी आता पंचांगातून काढता येते. पण एक सावधगिरी. सिंगापूर, ब्रह्मदेश अशा ठिकाणच्या अनेक नोंदींत नेमकी तारीख नसून "या दिवसापासून त्या दिवसापर्यंत" असा अंदाज असतो. तसं असेल तर गुरुजींना उगाच तिथी काढायला लावू नका, सर्वपित्री आहे तशी राहू द्या. आणि ज्या घरात "तो सुभाषबाबूंच्या फौजेत गेला" असं सांगतात, त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या आझाद हिंद फौजेच्या फायली धुंडाळाव्यात. मलायात कैद झालेल्यांपैकी पुष्कळ तिकडे गेले होते.

इतकं सगळं करण्याआधी एक स्वस्तातली रंगीत तालीम सुचवतो. नांदेडहून पुण्याला जाणाऱ्या गाडीनं जा आणि खडकीची वॉर सिमेट्री बघून या. त्याच कमिशनची, त्याच पद्धतीची. फाटकाजवळ भिंतीत एक छोटी पेटी असते, तिच्यात नावांची वही आणि भेट देणाऱ्यांची वही. खांबावर उभा क्रॉस, लांबट वेदीसारखी शिळा, अक्षरांनी ओळखायच्या रांगा. नाव वहीत कसं शोधायचं, विभाग कसा ओळखायचा, हे इथं एका तासात हाताखालून गेलं की परक्या देशात गोंधळ होत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना तिकडचं वातावरण कसं असतं हेही इथंच दाखवता येतं. कोकणातल्या खलाशांच्या घरांसाठी तर मुंबईत मस्जिद बंदरला सेलर्स होममध्येच स्मारक आहे. बोटीवर बुडालेल्या दोन हजारांवर खलाशांची आठवण तिथं आहे, आणि त्याला पासपोर्टही लागत नाही.

जाणं जमणारच नसेल, वय झालं असेल, पैसे नसतील, तर फोटो मागवता येतो. वॉर ग्रेव्हज फोटोग्राफिक प्रोजेक्ट नावाचा स्वयंसेवकांचा उपक्रम जगभरच्या कबरींचे आणि नावांच्या भिंतींचे फोटो काढून ठेवतो आणि नातेवाइकांना त्याची प्रत देतो. सिंगापुरात किंवा युरोपात गावचा एखादा पोरगा नोकरीला असेल तर त्यालाच सांगा. महाराष्ट्र मंडळं आहेत, ओळख निघते.

आणि नाव चुकीचं कोरलेलं असेल तर ते जायच्या आधी कळवा, आल्यावर नाही. कमिशन दुरुस्तीचे अर्ज घेतं, पण पुरावा मागतं: पदकाच्या कडेचा फोटो, पेन्शनीचा कागद, जुनी वारसनोंद. उर्दू कागदाचं भाषांतर करून, ज्यानं केलं त्याची सही घेऊन जोडा. उत्तराला महिने लागतात. वेबसाइटवरची नोंद आधी दुरुस्त होते, दगडावरची किंवा पाटीवरची नंतर, म्हणून तिकिटाची तारीख त्या हिशेबानं धरा.